परिच्छेद सात

बुधवारी गुणाबाई तांडेल करावे गावातून येते.
सीवूड्सच्या आमच्या इमारतीत लिफ्ट असून जिन्यानं चढते,
वॉचमन म्हणतो, पाटीचा वास राहतो.
आज पाटी उतरवायच्या आधीच म्हणाली,
"बाय, पोर आयला माजा."

चौदा महिने.
परक्या बंदरात अडकवलेलं जहाज, एकवीस खलाशी,
त्यातला एक प्रणित, ऑइलर, डाव्या भुवईवर खोक.
बेलापूरच्या कचेरीत ती दर सोमवारी जाऊन बसायची,
हातात त्याच्या कागदांची झेरॉक्स,
घड्या पडून पडून फोटोतला चेहरा मधोमध फाटलेला.

मी तेव्हा दूर होते, तळ्याकाठच्या त्या शहरात,
आपल्या कार्यालयात टंकलेखिका, नोकरीचं शेवटचं वर्ष.
लोकांना वाटतं तिथं जगाचं काहीतरी ठरतं.
ठरतात क्रियापदं.
सकाळच्या मसुद्यात: परिषद तीव्र निषेध करते.
कॉफीनंतर: परिषद चिंता व्यक्त करते.
संध्याकाळी त्यांचा सल्लागार आला,
ओली छत्री न मिटताच दारात उभा राहिला, हसला,
आणि रात्री साडेदहाला मी टाइप केलं:
परिषद नोंद घेते.

सातव्या परिच्छेदात एक नाव होतं.
गणिताची बाई. भर चौकात फळा उभा करून
तिनं त्यावर एक आकडा लिहिला होता,
बेपत्ता पोरांचा.
तिच्या नावात दोन अक्षरांवर अशी चिन्हं
जी आमच्या कीबोर्डवर नव्हती,
दर वेळी शोधून घालावी लागत.
नऊ मसुद्यांत घातली.
दहाव्यात ती 'संबंधित व्यक्ती' झाली.
अकराव्यात आठवा परिच्छेद सातवा झाला.

कुणी कुणाला काही विकलं नाही.
आमच्या माणसांचं बघा, तुमच्या ठरावाचं आम्ही बघतो,
असं तिथं कुणी बोलत नाही.
म्हणतात, वातावरण निवळतंय.
कॉफीबरोबर चॉकलेटची छोटी चौकोनी वडी देतात,
ती बशीतच ठेवून उठायची पद्धत आहे.

त्यापेक्षा गुणाबाई बरी.
जिताडा शेपटीला धरून म्हणते आठशे,
मी म्हणते पाचशे, ती म्हणते खा मग पापलेट फ्रिजमधलं,
साडेसहाशेला कापायला घेते.
सगळा जिना ऐकतो.

मतदानाच्या दिवशी भिंतीवरच्या फळ्यावर दिवे लागले,
हिरवे, तांबडे.
आपला पिवळा.
साहेब म्हणाले, काठावर बसलं की पाय कोरडे राहतात.
मी वेळ टिपून घेतली, अकरा सत्तावीस.

मार्चात मी निवृत्त झाले. एप्रिलात जहाज सुटलं.
दोन्हींचा संबंध आहे असं कुठल्याही कागदावर नाही.
कागद मीच केले, म्हणून सांगते.
आणि हेही सांगते, की बातमी ऐकून
मी या पोराच्या आईआधी रडले असते,
मला फक्त आधी कळायला हवं होतं.

"पैशे नको आज," ती म्हणते. "गावदेवीला बोलली व्हती मी.
तुमी पन केलाव ना, तुमी तं तिकरंच व्हत्याव."
मी नुसती टाइप करायचे गं.
"त्येच तं," ती म्हणते, आणि कोयता चालवते.

खवलं उंबऱ्यावर उडतात.
हळद आणायला आत गेले ती पेन घेऊन बाहेर आले,
पसरलेल्या वर्तमानपत्राच्या कडेला ते नाव लिहिलं.
देवनागरीत किती सोपं आहे.
एक काना, दोन वेलांट्या,
काही शोधावं लागत नाही.

"वान्याची यादी का?"
मी हो म्हटलं.

त्याच कागदात तिनं कल्ले, आतडी गुंडाळली,
सुतळी मारली,
म्हणाली, जाता जाता टाकते खाली.